चोक अर्धाच ओढायचा

प्रेमकथेत जुनी गाडी आली की ती बंद पडणार, हे पहिल्या प्रसंगातच ठरून जातं. लेखकाला पाऊस हवा असेल तर पावसात, एकांत हवा असेल तर आडरस्त्यावर. बॉनेट उघडलं की पांढरा धूर, नायकाच्या गालावर काळा डाग, नायिकेचं हसू, आणि प्रसंगाचं काम संपलं की गाडी आपोआप सुरू. नेमकं काय बिघडलं होतं हे कुणी विचारत नाही, कारण लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. माझ्या मते अशा गोष्टींतला निम्मा विनोद इथेच वाया जातो. जुनी गाडी लहर आली म्हणून बंद पडत नाही. तिला कारण असतं. वारशाने आलेल्या गाडीत ते कारण बरेचदा गेलेल्या माणसाच्या एखाद्या सवयीपाशी जाऊन पोचतं, आणि ती सवय जपायची की दुरुस्त करायची यावर दोन जिवंत माणसं महिनोन्‌महिने भांडू शकतात.

तेव्हा एक गोष्ट मांडून बघू. तिच्याकडे वडिलांची गाडी आली आहे: चार सिलिंडर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर, प्लगमध्ये ठिणगी पाडायला पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन, चारही चाकांना ड्रम ब्रेक. कंपनी कुठलीही धरा. त्या पिढीतल्या साध्या गाड्या बॉनेटखाली जवळपास सारख्याच असतात. तो तिच्या आयुष्यात नुकताच आला आहे, आणि त्याने आजवर बटण दाबून सुरू होणारी गाडीच चालवली आहे.

वडील गेल्यावर गाडी वर्षभर उभी राहते. कुणी हात लावत नाही. हात न लावणं हाच आदर, असं घरातल्या सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं असतं. गाडीला हा आदर सोसत नाही. बॅटरी वापराविना आपली आपण उतरत जाते. पूर्ण चार्ज असताना तिच्या टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, ते १२.४ च्या खाली बराच काळ राहिले की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग चार्जर लावूनही बॅटरी पूर्वीची होत नाही. पेट्रोलमधला हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो आणि उरलेल्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रांत, बसतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं, शिवाय त्या काळच्या रबरी नळ्या खराब करतं. हँडब्रेक ओढून ठेवलेला असला तर मागचे ब्रेक-शू गंजलेल्या ड्रमला धरून बसतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, चिकटते. एअर फिल्टरच्या डब्यात उंदीर बिऱ्हाड करतात.

आता प्रेमात पडलेल्या माणसाचा पहिला पराक्रम. तिला न सांगता तो नवी बॅटरी आणतो, तिच्या वाढदिवसाच्या सकाळी बसवतो आणि किल्ली फिरवतो. वर्षभर कोरड्या पडलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा खरखरत घासतात, पंप शिळं पेट्रोल टाकीतल्या गंजासकट वर ओढतो, उंदरांनी जमवलेल्या चिंध्या कार्बोरेटरच्या तोंडाशी येतात. एवढं होऊनही गाडी सुरू झालीच, तर खरी मजा क्लचची. प्लेट चिकटलेली असताना गाडी गिअरमध्ये असेल, तर क्लचवर पाय पूर्ण दाबलेला असूनही सेल्फ मारताक्षणी गाडी पुढे उडी घेते. समोर तिच्या आईच्या कुंड्या असतील तर दुसरा अंक वेगळा लिहावा लागत नाही.

योग्य क्रम यापेक्षा कंटाळवाणा आहे. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढायचं. त्याला व्हार्निशसारखा वास येत असेल तर त्यातला एक थेंबही वर जाऊ द्यायचा नाही. इंजिन ऑइलचा डिपस्टिक काढून बघायचा आणि हुंगायचाही. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे. त्याला पेट्रोलचा वास आला आणि पातळीही वर चढलेली असली, तर यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय अशी शंका घ्यायची, कारण तो पंप इंजिनाच्या अंगालाच असतो आणि फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. मग ऑइल आणि फिल्टर बदलायचे. चारही प्लग काढायचे. कुठली वायर कुठल्या प्लगची याच्या खुणा आधी करायच्या, नाहीतर पुढचा अख्खा दिवस त्या कोड्यात जातो. प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर, इंजिन ऑइल सोडायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटावर पाना लावायचा आणि इंजिन हातानेच, फिरण्याच्या दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवायचं. अडलं तर जोर करायचा नाही. आणखी ऑइल, आणखी एक रात्र. हातानं फिरलं की मग प्लगशिवायच, इग्निशन कॉइलची वायर काढून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारायचा, डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत. पेट्रोलचा वास दरवळत असेल तिथे हे करायचं नाही, कारण उघड्या सिलिंडरमधून जे काही आहे ते फवाऱ्यासारखं बाहेर येतं. दिवा विझला म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचलं. त्यानंतर प्लग, ताजं पेट्रोल, आणि टाकी ते पंप यांच्या मधे पारदर्शक फिल्टर. त्या फिल्टरमध्ये पहिल्या आठवड्यात किती तांबूस चुरा साठतो, यावरून टाकीचं आयुष्य कळतं.

गाडी सुरू होते. आणि इथून तिची सत्ता सुरू होते, कारण या गाडीचे मंत्र फक्त तिला ठाऊक आहेत. चोक अर्धाच ओढायचा. ॲक्सिलेटर दोनदा दाबायचा आणि मग पाय काढून घ्यायचा. दुसऱ्या गिअरला जाताना न्यूट्रलवर क्षणभर थांबायचं. डावीकडचा दरवाजा उचलून लावायचा. काटा पाव टाकीवर आला की टाकी रिकामी समजायची. ब्रेक मारताना स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरायचं. वडील हे सगळं न बोलता करत. ती शेजारच्या सीटवर बसून शिकली. तिच्यासाठी ही गाडीची चाल आहे, तिच्या बाबांची चाल आहे.

कुठल्याही मिस्त्रीसमोर ही यादी वाचली तर तो प्रत्येक ओळीला एकेक पार्ट सांगेल. दुसऱ्या गिअरवरचं थांबणं म्हणजे झिजलेली सिंक्रो रिंग: पितळी रिंग गिअरचा वेग जुळवून घ्यायला जास्त वेळ घेते, घाई केली की दात खरडतात. उचलून लावायचा दरवाजा म्हणजे बिजागरीची झिजलेली पिन आणि बुश. अर्धवट उघडलेला दरवाजा दोन्ही हातांनी वर उचलून बघा, बिजागरीत खडखड जाणवली की निदान झालं. खोटा काटा म्हणजे टाकीतल्या फ्लोटची वाकलेली दांडी किंवा खराब अर्थिंग. ब्रेकबद्दल पुढे बोलू, ते प्रकरण वेगळं आहे. मला या यादीत रस आहे तो एवढ्यासाठी की, माणूस गेल्यावर त्याच्या मागे जे दोष उरतात तेच त्याच्या अस्तित्वाचा सर्वांत ठोस पुरावा ठरतात. सुरळीत लागणाऱ्या दरवाजात कुणाचेच बाबा नसतात.

पहिल्यांदा गाडी त्याच्या हाती येते तेव्हा तो अर्थातच चोक पूर्ण ओढतो. तसं शास्त्रही आहे: थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोकची झडप हवेचा मार्ग अडवते आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. पण या गाडीत ते प्रमाण आधीच जास्त आहे. इंजिन दोनदा फुरफुरतं आणि पेट्रोल ओव्हर होतं. प्लग ओले, नाकात वास, आणि तो घाबरून ॲक्सिलेटर पंपासारखा दाबत सुटतो. हे सर्वांत वाईट, कारण कार्बोरेटरमधला छोटा ॲक्सिलेटर पंप प्रत्येक दाबागणिक आणखी एक पिचकारी आत मारतो. उपाय साधा आहे: चोक पूर्ण आत ढकलायचा, ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबून तसाच धरून ठेवायचा, आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारायचा. थ्रॉटल सताड उघडा राहतो, हवा धो-धो आत जाते, प्लग वाळतात. नाहीच झालं तर दहा मिनिटं स्वस्थ बसायचं किंवा प्लग काढून पुसायचे. ती हे जाणते. बोलत नाही. बाहेर उभी राहून हाताची घडी घालते, आणि त्याला दिसू नये इतपत हसते. प्रेमकथेत सत्तेचा समतोल कुणाकडे आहे हे दाखवायला यापेक्षा चांगला प्रसंग मला सुचत नाही.

तो समतोल उलटवायचा असेल तर उन्हाळा आणि चढाचा रस्ता हवा. अर्धा-पाऊण तास गाडी छान पळते, चढ चढून एका फाटकापाशी थांबते आणि बंद पडते. सेल्फ जोरात फिरतोय, इंजिन पेटत नाही. हिची समजूत की गाडी रुसली. बाबा अशा वेळी बॉनेट उघडून सिगारेट ओढत आणि मग गाडी सुरू होई. याने मात्र दरम्यान दोन रात्री वाचन केलं आहे. कारणं बहुधा दोनच. इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोल पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झाली असेल, म्हणजे व्हेपर लॉक. पंप द्रव ढकलायला बनलेला असतो, वाफ नुसती दाबली जाते आणि पुढे काही जात नाही. किंवा कॉइल वा कंडेन्सर तापून दगा देतोय. दोन्हींत गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर गुपचूप सुरू होते, म्हणून लोक वर्षानुवर्षं चुकीचा पार्ट बदलत राहतात. फरक कळतो फक्त बंद पडल्या पडल्या तपासलं तर. खिशातला जादा प्लग एका वायरला लावायचा, इन्सुलेटेड पकडीने त्याचं अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरायचं, कार्बोरेटरपासून लांब, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. निळसर, टचटचीत ठिणगी दिसली तर इग्निशन ठीक आहे, पेट्रोलकडे वळा. ठिणगी पिवळट, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर कॉइलला हात जवळ नेऊन बघा.

ठिणगी निळी निघते. तो रुमाल पाण्यात भिजवून पंपावर आणि नळीवर ठेवतो. वीस मिनिटं थांबावं लागतं. ही वीस मिनिटं गोष्टीला फार मोलाची, कारण इथे दोघांना बोलण्यावाचून गत्यंतर नाही आणि सबबही लेखकाने आणलेली नाही, भौतिकशास्त्राने आणली आहे. बोलता बोलता बाबांच्या सिगारेटीचा उलगडा होतो: सिगारेट हे वेळ मोजायचं साधन होतं. (मूळ कारण पुढे एखाद्या गॅरेजमध्ये सापडतं. बहुधा पंप आणि इंजिन यांच्यामधली उष्णता अडवणारी जाड पॅकिंग कुणीतरी काढून पातळ बसवलेली असते, किंवा नळी एक्झॉस्टच्या फार जवळून नेलेली असते.)

अशा जोडप्यांची परंपरा मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला, कार्ल बेंझला, न सांगता त्याची तीनचाकी गाडी आणि दोन मुलगे घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला आईकडे निघाली. सुमारे शंभर किलोमीटर. पेट्रोलची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीच्या पिनेने ती मोकळी केली, इग्निशनच्या वायरीचं आवरण गेलं तेव्हा मोज्याच्या गार्टरने काम भागवलं, वाटेत वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेऊन इंधन भरलं, ब्रेकच्या ठोकळ्यांवर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. परतल्यावर तिच्या सांगण्यावरून कार्लने गाडीला चढासाठी आणखी एक गिअर दिला. लग्नाआधीच तिचा हुंड्याचा पैसा त्याच्या वर्कशॉपमध्ये गेला होता, त्यामुळे ‘त्याची गाडी’ हा शब्दप्रयोगही जपूनच करायला हवा. आपल्या गोष्टीत मुद्दा एवढाच, की ज्याला नळी मोकळी करता येते त्याचा गाडीवरचा हक्क कागदांपेक्षा पक्का असतो. तिला हे फाटकापाशी कळतं आणि ते तिला अजिबात आवडत नाही.

म्हणून मग भांडण. ते ब्रेकवरूनच व्हायला हवं.

ब्रेक मारताना स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरायचं, हा मंत्र आठवा. एका फेरीनंतर तो चारही ड्रमजवळ हात नेऊन बघतो. पुढचा डावा इतरांपेक्षा कितीतरी तापलेला. कारण असं: ब्रेकची रबरी नळी वयाने आतून फुगते. पायाच्या जोराने ब्रेक ऑइल चाकाकडे जातं, पण पाय काढल्यावर मागे यायला वाट उरत नाही. चाकात ब्रेक थोडा लागलेलाच राहतो, गाडी डावीकडे ओढते, आणि बाबा हातानं ते सावरत राहतात. बाहेरून नळी साफ चांगली दिसते, म्हणून ती कुणी बदललेली नाही. त्यातून जुन्या गाड्यांत बहुधा एकच ब्रेक सर्किट असतं: एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो, पेडल तळाला टेकतं.

“बाबांनी तीस वर्षं अशीच चालवली.”

“तीस वर्षं नळीही तीच होती.”

यावर तिच्याकडे उत्तर नाही, म्हणून भांडण वाढतं. तो डिकीतला स्टेपनी टायर काढून दाखवतो. नक्षी कोरी करकरीत, बाबा म्हणायचे नवाच आहे. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या खुणेनंतर जी अक्षरं-आकडे असतात त्यांच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. या टायरवर तीनच आकडे आहेत, म्हणजे तो २००० च्या आधीचा. रबर वापराने झिजतं तसं नुसत्या वयानेही कडक होतं, चिरतं. दहा वर्षांपुढचा टायर, त्याची नक्षी कितीही कोरी असो, बदलायचाच. मग सीटबेल्ट. तीन टोकांचा बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिनने १९५९ मध्ये आणला, पण अनेक गाड्यांत तो यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. या गाडीत नाही. तो म्हणतो, बेल्ट बसवल्याशिवाय मी बसणार नाही. ती म्हणते, नको बसूस.

दोघंही अर्धवट बरोबर आहेत, हे सांगायला मला इथे मधे यावंसं वाटतं. बेल्ट हवाच, पण तो पत्र्याला भोक पाडून नुसत्या वायसरवर आवळता येत नाही. अपघातात माणसाचं वजन कित्येक पटींनी बोल्टवर येतं आणि तो पत्र्यातून उपटून निघतो. खाली जाड पोलादी प्लेट लागते, कारखान्याने जागा ठेवलेली असेल तर तीच वापरायची, आणि पत्रा मुळात शाबूत हवा. तो शाबूत आहे का हे बघायला मॅटिंग उचलावी लागते. त्याखाली असतो ओला तागाचा थर, आणि तिथे तिचा आणखी एक भ्रम मोडतो. दार उघडताच येणारा ‘बाबांच्या गाडीचा वास’ पुढच्या काचेच्या कडक झालेल्या रबरातून झिरपलेल्या पाण्याचा आणि कुजणाऱ्या तागाचा आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं की ते फ्लोअरमधून खाली जातं. तिच्या डोळ्यांत पाणी येतं. तो या क्षणी काही शहाणपणाचं बोलला तर गोष्ट संपली, म्हणून चांगला लेखक त्याला गप्प ठेवेल आणि वेल्डरकडे पाठवेल.

समेट कसा करायचा, हा प्रेमकथेचा नेहमीचा पेच. फुलं, पाऊस, विमानतळाकडची धावपळ. जुन्या गाडीने त्याहून चांगली सोय करून ठेवली आहे: ब्रेकमधली हवा काढणं. नळ्या, व्हील सिलिंडरची रबरं आणि ब्रेक ऑइल बदललं की आत हवा शिरते, आणि साध्या पद्धतीने ती काढायला दोन माणसं लागतात. एक आत पेडलवर, दुसरा चाकामागे जमिनीवर आडवा. एकमेकांचा चेहरा दिसत नाही. पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून जे चाक सर्वांत लांब, तिथून सुरुवात करायची. चाकामागच्या, हवा सोडायच्या निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचं.

“दाब.”

“दाबला.”

“धर.”

“धरलाय.”

इथे तो निपल पाव फेरा सैल करतो, बुडबुडे बाटलीत येतात, पेडल खाली जातं. पेडल तळाला असतानाच निपल बंद करायचं आणि मगच “सोड” म्हणायचं. तिने त्याआधी पाय उचलला तर नळीतून हवा पुन्हा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. म्हणजे दुसऱ्याचा शब्द आल्याशिवाय हलायचं नाही, आणि दुसऱ्याने शब्द वेळेवर द्यायचा, एवढाच नियम. मधूनमधून वरची टाकी भरत राहायची. ती रिकामी झाली की तीही हवाच ओढते. पेडल स्पंजसारखं न लागता वरच्या वर घट्ट लागलं की झालं. दोघांनी महिनाभर एकमेकांशी बोलणं टाकलेलं असलं तरी शेवटचं चाक होईपर्यंत आवाजातला कडवटपणा टिकत नाही, कारण इतक्या वेळा “दाब, धर, सोड” रागाने म्हणणं शारीरिकदृष्ट्या कठीण आहे. ऑइल मात्र डब्यावर लिहिलेल्या जातीचंच, सीलबंद. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, उकळण्याचा बिंदू खाली येतो. डॉट ४ चं ताजं ऑइल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत टिकायला हवं, ओल धरल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. आणि ते रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, रंग उतरतो. रंगाचा नवा ओरखडा म्हणजे नवं भांडण.

यानंतर त्याची भीड चेपते आणि तो कार्बोरेटर उघडतो. चोक अर्धाच का, हे तिथे कळतं. फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल ठरावीक पातळीला आलं की फ्लोट वर येतो आणि सुईसारखी झडप दाबून पेट्रोल थांबवतो. या सुईच्या टोकावर झिजून कंगोरा पडलाय. झडप पूर्ण मिटत नाही, पातळी चढी राहते, मिश्रणात पेट्रोल कायम जास्त. त्यात पूर्ण चोक म्हणजे अतिरेक. बाबांना हे ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे. त्यांनी आपला अर्धा चोक शोधून काढला आणि तीस वर्षं भागवलं. नवी सुई-सीट, फ्लोटची पातळी मापाने बसवलेली, पॉइंटमध्ये ०.४ मिलिमीटरची फट, आणि गाडी अशी मऊ चालते की ती पहिल्या फेरीत काही बोलतच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती एकटी गाडी काढायला जाते, चोक अर्धा ओढते, आणि गाडी सुरू होत नाही.

इथे प्रेमकथा लिहिणाऱ्याला मोह होईल. तो गुपचूप रात्री जाऊन फ्लोटची पट्टी किंचित वाकवतो, पातळी पुन्हा चढवतो, आणि सकाळी गाडी अर्ध्या चोकवर सुरू होते, बाबा परत येतात. पडद्यावर गोड दिसेल. इंजिनाला हे फार महागात पडतं: प्लग काजळतात, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, खाली उतरून ऑइल पातळ करतं, रिंगा झिजतात. प्रेमापोटी इंजिन मारू नये. त्याने जुनी सुई टाकून दिलेली नाही, एवढं मला पुरेसं वाटतं. ती एका डबीत, तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवलेली. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्या सगळ्यांनी काढलेले लहान पार्ट असेच ठेवावेत. पुढच्या बिघाडाचं निदान करायला झिजेचा नमुना हाताशी असलेला बरा, हे व्यवहारी कारणही आहेच.

काय जपायचं यावर दोघांचा करार असा होतो, आणि तो मला शहाणपणाचा वाटतो. ज्याने गाडी थांबते, वळते किंवा पेटते, त्यात बाबा नाहीत: ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे जॉइंट, पेट्रोलच्या नळ्या, वायरिंग. ते वेळच्या वेळी, न हळहळता. स्टिअरिंगवर दोन हातांनी झिजून गुळगुळीत झालेल्या जागा, बाबांच्या अक्षरातली सर्व्हिसची वही, काटा पाव टाकीवर आला की पेट्रोल भरायची सवय, हे राहू द्यायचं. इंजिन बदलावं लागलंच तर जुन्याचा नंबर आधी टिपून घ्यायचा आणि कागदपत्रांत नोंद करायची. इंजिन आणि चॅसीचे मूळ नंबर जुळत असतील तर गाडीचं मोल वेगळं असतं, आणि न जुळणारे नंबर पुढे मालकी नावावर करताना छळतात. डाव्या दरवाजावर मात्र एकमत होत नाही. नवी पिन आणि बुश दोन तासांचं काम आहे. बुश आणून ठेवलेत, डिकीत पडून आहेत.

शेवटी लग्न, कारण प्रकारच तसा आहे, आणि वराती गाडी हीच असणार हे पहिल्या पानापासून ठरलेलं. इथेही चित्रपटवाले चुकतात. पुढच्या जाळीवर फुलांची चादर चढवली की रेडिएटरची हवा बंद. त्यात गाडी चालायच्या वेगाने चाललेली: पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे इंजिन जितकं संथ तितका पंखाही संथ, आणि समोरून येणारा वारा नाही. अशा वेळी तापमानाचा काटा दहा-पंधरा मिनिटांत लाल भागाकडे सरकतो. फुलं बॉनेटवर आणि मागे बांधायची, जाळी पूर्ण मोकळी. चिकटपट्टी अजिबात नाही, जुना रंग तिच्याबरोबर निघून येतो. सुती फितीने गाठी मारायच्या. आदल्या आठवड्यात कूलंट निम्मं-निम्मं पाणी घालून नवं भरायचं, पट्टा तपासायचा. आणि तरीही वाटेत काटा चढलाच तर रेडिएटरचं झाकण उघडायला धावायचं नाही, दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. काचा खाली करायच्या आणि हीटर पूर्ण चालू करायचा, ब्लोअर सगळ्यात वर. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनाची बरीच उष्णता तो गाडीच्या आत, म्हणजे भर उन्हात जरीच्या कपड्यांत बसलेल्या नवरा-नवरीच्या पायांवर, सोडतो. गाडी ती चालवत असेल तर तो काही बोलणार नाही.